फाईल माझ्या हातात होती

चंद्रपूर,
११ ऑगस्ट २००३

रुपा,

जयभीम. फाडायचं असेल तर फाड, पण निदान हे पान वाचून फाड. दोन वर्षांत तुला तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. तुझी खबर मला ठमामावशीकडून कळते, तीही कोणी सिंदेवाहीहून आलं तरच. तू भात संशोधन केंद्राच्या बांध्यांत रोपं रोवायला जातेस म्हणे. जया सातवीत गेली म्हणे. माझ्या सख्ख्या बहिणीची आणि भाचीची बातमी मला अशी उष्टी मिळते. असो. मी भांडायला बसलेली नाही.

आमच्या कॅन्सरच्या वॉर्डात उद्यापासून तीन दिवस ट्रेनिंग आहे. विषय ऐकलास तर हसशील. पेशंटशी नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कसं बोलायचं! नोटीस लागली तेव्हा आम्ही सगळ्या सिस्टर बोर्डासमोर उभ्या राहून एकमेकींकडे बघत होतो. ड्रेसिंगवाले वामनराव चष्मा वर करून दोनदा वाचून गेले आणि म्हणाले, "माही रिटायरमेंट मार्चमधी हाय, मले काऊन हे शिकवून राह्यले?" मी म्हटलं, "घरी कामात येईल." खूप हसलो. हसण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, हे खरं.

मला तर जास्तच. पंचेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई मी, मला काय कळतं त्यातलं? आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुझी वेणी घातली, अभ्यास घेतला, लग्नही मीच जमवलं. पण तू पहिल्यांदा बाजूला बसलीस तेव्हा काही न सांगता तुला शेजारच्या काकूंकडे पाठवून दिलं होतं. आठवतं? मी दारात उभी राहून नखं खात होते.

तू पिशवीच्या कॅन्सरने याच वॉर्डात होतीस, तेव्हा असं काही ट्रेनिंग असतं तर किती बरं झालं असतं, असं सारखं मनात येतं. तेव्हा कोणाला काही माहीतच नव्हतं गं. डॉक्टर रेडिएशनचे शेक देत, आम्ही गोळ्या देत असू, पेशंट घरी जाई. पुढचं त्याचं तो बघे. आणि तुझ्या अमरसारखा हलकट नवरा असला की काय होतं ते तू भोगलंसच.

जयाला पापा.

तुझी ताई

१३ ऑगस्ट

रुपा,

कालचं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शिकवायला उईके मॅडम आल्या आहेत. नागपुरात नोकरी, पण मूळच्या धानोऱ्याच्या. मला वाटलं होतं, कोणी गोरीपान बाई इंग्रजी फाडत येईल आणि आम्ही माना हलवू. या तर खुर्चीवर मांडी घालून बसल्या आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पेशंटची सुटी होते तवा तुमी घरच्या सूचना कोणाले सांगता?"

आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, फाईल ज्याच्या हातात असेल त्याला.

तू बघितलंच आहेस. आमच्या दवाखान्यात पेशंट म्हणजे खाट आणि फाईल म्हणजे माणूस. गोळ्या केव्हा घ्यायच्या, पुन्हा केव्हा यायचं, सगळं फाईलवाल्याला सांगतात. खेड्यातून बाई येते तेव्हा तिची फाईल दिराजवळ नाहीतर सासूजवळ असते. मॅडमनी विचारलं, "आणि ज्या बाईले शेक दिले, तिच्या आंगाचं तिले कोण सांगते?"

मग त्यांनी नाटक करायला लावलं. एकाने पेशंट व्हायचं, एकीने सिस्टर. चिठ्ठ्या टाकल्या, तर वामनराव पेशंट आणि मी सिस्टर! वामनरावांनी टेबलावरचा टॉवेल डोक्यावर घेतला. अख्खी खोली हसायला लागली. त्यांनी मान खाली घालून, अगदी आपल्या वॉर्डातल्या बायांसारखं, हळूच विचारलं, "बाई, घरी गेल्यावर मालक जवळ येतो म्हणते. येऊ देऊ का?"

आणि मी म्हणाले, "जीव वाचला तेवढं बघा."

रुपा, विचार न करता तोंडातून निघालं. बाकीच्या हसतच होत्या. मॅडम उठल्या आणि त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हे वाक्य आतापर्यंत कोणी कोणी बोललं, हात वर करा." आम्ही चौदा जणं होतो. एकेक करत चौदाही हात वर झाले. वामनरावांनी टॉवेल काढून घडी करून ठेवला.

तुला ते वाक्य कुठे ऐकलंस ते आठवत असेल. मला आठवतं. शेवटचा शेक घेऊन तुला बल्लारपूरला घरी सोडायला निघालो होतो. बाबूपेठचं फाटक बंद होतं, कोळशाची गाडी जात होती, सरता सरत नव्हती. तू खिडकीकडे तोंड करून विचारलंस, "ताई, आता आमचं कसं?" मी समजले होते. समजले नाही असं दाखवलं नाही, हा माझा मोठेपणा समज. फक्त ते वाक्य बोलले. फाटक उघडेपर्यंत तू पुन्हा माझ्याकडे बघितलं नाहीस.

पण मला तरी कुठे काय ठाऊक होतं?

ताई

३ सप्टेंबर

रुपा,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहिणार.

ट्रेनिंग संपलं. कपड्यांच्या स्टोअरमधला अर्धा भाग मोकळा करून आम्हाला 'बोलायची खोली' करून दिली आहे. दोन खुर्च्या, एक बाक, भिंतीवर घड्याळ. मॅडमनी जाताना सांगितलं, "पहिल्यांदा परवानगी मागा. बाईले एकटीले विचारा. तिची इच्छा असंल तर मंग नवऱ्याले बोलवा. आणि लाजायचं असंल तर घरी जाऊन लाजा."

पहिली पेशंट मी निवडली, तपासणीला आलेली मुलचेऱ्याकडची बायनाबाई. तुझंच दुखणं, तुझ्याच वयाची. फाईल दिराच्या, पोचूच्या, काखेत. त्याला चहा आणायला पाठवलं आणि तिला खोलीत नेलं. मी म्हटलं, "बायनाबाई, थोडं घरचं विचारू का? तुमचं आणि तुमच्या मालकाचं?"

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "बाई, तुमचं लगन झालं हाय का?"

"नाही."

"मंग तुमाले कायले पायजे?"

मी रजिस्टर उघडलं, बंद केलं. बी.पी. घेतलं, काही गरज नसताना. ती उठली. दारापर्यंत गेली आणि तिथे उभी राहून, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आमचा मालक दोन महिन्यापासून आंगणात निजते. थो म्हणते, शेक आंगात राह्यते, जवळ आलं का दुसऱ्याले लागते. खरं हाय का हे?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि पोचू चहा घेऊन आत आला. बायनाबाईने पदर घेतला आणि गेली. दुपारच्या गाडीने ते निघूनही गेले. एक शब्द होता, रुपा, 'नाही'. तो माझ्या तोंडातच राहिला. मी स्टँडपर्यंत गेले सुद्धा, पण त्यांच्या वाटेची आष्टीची गाडी सुटलेली होती.

तेव्हापासून मी त्या खोलीत कोणाला नेलं नाही. बाकीच्याही नेत नाहीत. तिथे पुन्हा चादरी ठेवायला लागले आहेत.

अमरही असाच मला काहीतरी विचारायला आला होता एकदा. तुला माहीत नसेल. तुझे शेक संपून तीन महिने झाले होते. मिलची पाळी सुटल्यावर डबा घेऊन सरळ आमच्या गेटवर आला. मी गडबडीत होते, फार बोलणं झालं नाही.

ताई

१७ ऑक्टोबर

रुपा,

काल तू दीक्षाभूमीवर आली होतीस.

मी तुला पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत बघितलं. पांढरं लुगडं, हातात जयाचा हात. केस किती गेले गं तुझे पुढचे. मी गर्दीतून वाट काढत आले. मधे कुठल्या तरी गावाचे लोक निळे झेंडे घेऊन आडवे आले. ते जाईपर्यंत तू नव्हतीस. ठमामावशी भेटली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "तिनं तुले पायलं होतं बाई. म्हणून तर तिकडून गेली." मी तिथेच एका दुकानाच्या फळीवर बसले आणि रडले. दुकानदार बिचारा पाणी घेऊन आला.

घरी आल्यावर ठरवलं. आता खोटं लिहायचं नाही.

मी तुला लिहिलं की तेव्हा कोणाला काही माहीत नव्हतं. खोटं आहे. मला माहीत होतं.

तुझी फाईल माझ्या हातात होती, रुपा. सुटीच्या दिवशी आपले म्हातारे डॉक्टर मला पॅसेजमध्ये थांबवून म्हणाले, "माधवी, तू नर्स आहेस आणि बहीणही, त्यामुळे मला बोलायला नको. सहा आठवडे जाऊ देत, मग नवरा-बायकोंनी जवळ यायला काही हरकत नाही. आजार त्याला लागत नाही, शेक अंगात राहत नाहीत. पण शेकाने तिची आतली जागा आखडत जाईल, ती मोकळी राहावी म्हणून ही नळी. कशी वापरायची ते तिला नीट शिकव." आणि त्यांनी एक गुळगुळीत पांढरी प्लॅस्टिकची नळी दिली, पाकिटातली. दुसऱ्या कोणी बाईची फाईल असती तर त्यांनी तिच्या सासूला एवढंही सांगितलं नसतं. मला सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवला.

मी ती नळी केसपेपरात गुंडाळून पर्समध्ये टाकली. बाबूपेठच्या फाटकाशी तू मला विचारलंस तेव्हा ती माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती.

का नाही दिली? तीन वर्षं मी स्वतःला विचारते आहे. लाज वाटली म्हणू? वाटलीच. जिला मी न्हाऊ घातलं तिला हे कुठल्या तोंडाने शिकवू? पण तेवढंच नव्हतं. मला मनातून वाटलं होतं की मरणाच्या दारातून परत आली, आणि हिला त्याची पडली आहे! मला राग आला होता तुझा. मला कधी कोणी जवळ केलं नाही, मी जगतेच आहे ना, असंही आलं होतं मनात. हे लिहू नये असं वाटतं, पण आलं होतं.

आणि अमरचं. गडबडीत नव्हते मी. तो डब्याची पिशवी या हातातून त्या हातात करत उभा होता. म्हणाला, "ताई, डॉक्टर काई म्हणले होते का? आमी... म्हणजे तिले काई तरास तर होनार नाई ना?" मी त्याला गेटवर, चपराशासमोर म्हटलं, "लाज नाही वाटत? बायको आजारी आणि तुला हे सुचतं?" त्याची मान खाली गेली. तो पुन्हा कधी आला नाही. पुढे त्याने दुसरी बाई घरात आणली, तू जयाला घेऊन निघालीस, तेव्हा मीच त्याच्या दारात जाऊन त्याला शिव्या दिल्या. सगळी गल्ली गोळा केली. तू फक्त एवढं म्हणालीस, "ताई, तू बोलू नको." मला तेव्हा वाटलं, तुला नवऱ्याचा पुळका आला.

नळी माझ्या पेटीत आहे. पाकीटही फोडलेलं नाही. नागपूरला मीटिंगला गेले होते तेव्हा उईके मॅडमना विचारलं, मैत्रिणीचं म्हणून, की तीन वर्षांनी उपयोग होईल का? त्या म्हणाल्या, "थोडाफार होईल. पण वेळेवर दिली असती तर गोष्ट वेगळी होती." मग माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं असावं.

पाठवू का? तू म्हणशील तर पाठवते. तपासणीलाही तू आली नाहीस अजून. ये गं. माझ्यासमोर नको असेल तर मी त्या दिवशी रजा टाकते.

मला माफ कर असं लिहायचं होतं. लिहवत नाही. कोणत्या तोंडाने लिहू?

ताई

१२ जानेवारी २००४

रुपा,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने आधी स्वतः वाचलं, मग मला दिलं. त्याची नजरच सांगत होती. मी ते इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं. तुझंच तुला परत लिहून दाखवते, म्हणजे मी काही गाळलं नाही हे तुला कळेल.

"ताई, जयभीम. तुही सगळी पत्रं पोचली. थे नळी पाठवू नको. तू पाकिटाले दोन दोन डाव डिंक लावते. मी कार्डावर लिहून राह्यली, कोणी वाचलं तं वाचो, मले आता लाज राह्यली नाई. अमरले नावं ठेवनं बंद कर. मी त्याले सांगतलं होतं का ताई नाई म्हणते. तू नाई म्हणली नव्हती, पण मी तसंच समजली. थो म्हणला, ताई दवाखान्यातली हाय, तिले समजते. दीड वर्ष थांबला थो. तुह्या शब्दावर थांबला. मंग मी रातदिन दूर दूर राहाची, त्याले वाटलं मलेच थो नको झाला. मी बोलली नाई, थो बोलला नाई. आता झालं थे झालं. आमच्या बाजूची बुधरी महिन्यापासून तुमच्याच दवाखान्यात हाय. एकोणीस तारखेच्या सोमवारी तिची सुटी हाय. नवरा सुकलू भला मानूस हाय. फाईल सासूजवळ हाय. बुधरीले सांग. मी तिले तुहं नाव देल्लं, नातं नाई सांगतलं. रुपाली."

दीड वर्ष. मी हलकट म्हणत आले तो माणूस माझ्या शब्दावर दीड वर्ष थांबला. जो शब्द मी दिलाही नव्हता. त्याचं आता मी काय करू? त्याच्या घरी आता दुसरी बाई आहे, तिला लेकरू आहे. कोणाच्या दारात जाऊन काय सांगू? सांगून कोणाचं काय परत येणार?

आणि बुधरी. सतरा नंबरची खाट. महिनाभर मी रोज तिच्या पायथ्याशी उभी राहून तिचा चार्ट भरते. ट्रेनिंग झालेली सिस्टर मी. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, फ्रेम करायला टाकलं होतं. तिला एक अक्षर विचारलं नव्हतं.

ताई

१९ जानेवारी २००४, सोमवार

रुपा,

मीही कार्डच टाकते. एकात मावणार नाही म्हणून दोन टाकते आहे, वर नंबर घातले आहेत. वाचू दे ज्याला वाचायचं त्याला.

सकाळी मी खोलीतल्या चादरी उचलून बाहेर ठेवल्या. सासूबाई फाईल छातीशी धरून बसल्या होत्या. मी हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "माह्याजवळच राहू द्या बाई, बुधरीले वाचता नाई येत." मी म्हटलं, "मला वाचता येतं. त्याचा काही उपयोग झाला नाही." त्यांना काही समजलं नाही. मी फाईल घेतली आणि बुधरीच्या हातात दिली. तिला ती कशी धरायची तेच कळेना. दोन्ही हातांवर घेतली, लेकरू घ्यावं तशी.

एकटीला आत नेलं. परवानगी मागितली. ती म्हणाली, "विचारा ना." मी विचारलं. तिने मान हलवून सांगितलं, सुकलूलाही बोलवा. तो येऊन बाकाच्या अगदी टोकाला बसला, मधे दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून. मी सांगितलं. सहा आठवडे. मग हरकत नाही. दुखलं तर थांबायचं, जबरदस्ती नाही, माझ्याकडे यायचं. हे दुखणं लागत नाही. शेक अंगात राहत नाहीत. सुकलूने विचारलं, "मंग बाई, एका ताटात जेवलं तं चालते? मायनं तिचं ताट येगळं केलं हाय." मी म्हटलं, चालते. तो बाकावर सरकत सरकत तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातलं पिशवीचं ओझं त्याने आपल्या मांडीवर घेतलं.

नळ्यांची मागणी पाठवून चार महिने झाले, आमच्याकडे अजून एकही आलेली नाही. तुझी होती ती तिला दिली. कोरीच होती. कशी वापरायची ते सुकलूला बाहेर पाठवून तिला शिकवलं. ती लाजली, मी पण लाजले, आणि शिकवून झालं.

ते गेल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आत बसलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. आता अकरा वाजून तेवीस मिनिटं.

आठ मिनिटं लागली, रुपा. सुकलूचा प्रश्न आणि आमचं लाजणं धरून आठ मिनिटं. बाबूपेठच्या फाटकाशी आपण त्याहून जास्त वेळ बसलो होतो.

ताई